डाळीची वाटी आणि मूत्रपिंड

आपल्या जिल्ह्याला आज अहिल्यानगर म्हणतात. तो नगर जिल्हा होता तेव्हापासून अवर्षण आपल्या पाचवीला पुजलेले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला आरोग्याचे काम आरंभिले, तेव्हा बालकांचे कुपोषण हा त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न होता. लगेच १९७२ चा दुष्काळ आला. भाकरीचीच भ्रांत, तेथे डाळ कोठली!

आपल्याकडे प्रथिनांची अशी टंचाई असताना पाश्चात्त्य वैद्यक मात्र ती कमी करण्याचा विचार करीत होते. १९६४ साली इटलीत जोव्हानेत्ती व माज्जोरे यांनी मूत्रपिंडाच्या रुग्णांना अत्यल्प प्रथिनांचा आहार देऊन त्यांचा त्रास हलका केला. प्रथिनांच्या विघटनातून होणारा युरिया मूत्रपिंडांनाच बाहेर टाकावा लागतो, हे त्याचे कारण. १९८२ साली अमेरिकेत ब्रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले, की जादा प्रथिनांमुळे मूत्रपिंडातील शिल्लक गाळण्यांवर दाब वाढून त्या झिजतात.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण सर्वांना एकच माप लावले की घात होतो. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात. मूत्रपिंड दुबळे झालेल्याने याहून अधिक घेऊ नयेत. डायालिसिसवरील रुग्णाला मात्र १ ते १.२ ग्रॅम लागतात, कारण त्या उपचारातही प्रथिनांचे घटक वाहून जातात. अशा रुग्णाचे अन्न शेजाऱ्याच्या सांगण्यावरून तोडणे, म्हणजे आपणच घरात दुष्काळ आणणे होय.