मृत्युपूर्व जबाब

मृत्यूचे कारण किंवा त्यास कारणीभूत घटनेची परिस्थिती यांविषयी मृत व्यक्तीने हयातीत केलेले, पुराव्यात ग्राह्य विधान. ऐकीव पुरावा वर्ज्य मानण्याच्या नियमाला [⟶ पुरावा] असलेला हा अपवाद. मरणोन्मुख मनुष्य खोटे बोलत नाही, ही धारणा आणि साक्षीदारच न उरल्याची निकड, हे त्याचे आधार. भारतात तो १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम ३२(१) मध्ये आला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ ने घेतली आहे.

इंग्लंडच्या रूढिविधीत जबाब देणाऱ्याने जगण्याची आशा सोडलेली असणे आवश्यक होते. भारतात ही अट नाही आणि दिवाणी दाव्यातही असा जबाब चालतो. तो तोंडी, लेखी किंवा खुणांनी दिलेला असू शकतो. गळा चिरल्याने बोलू न शकणाऱ्या स्त्रीने हाताच्या खुणांनी दिलेली उत्तरे अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८८५ मध्ये ग्राह्य धरली. जबाब दंडाधिकाऱ्याने [⟶ दंडाधिकारी] प्रश्नोत्तररूपाने, शक्यतो जबाब देणाऱ्याच्याच शब्दांत नोंदवणे इष्ट. मात्र तशी सक्ती नाही.

शपथ व उलटतपासणी नसल्याने न्यायालय त्याची काटेकोर छाननी करते. खुशालराव वि. मुंबई राज्य (१९५८) या नागपूरच्या खटल्यात, विश्वसनीय जबाबावर अन्य पुष्टीविना दोषसिद्धी होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. लक्ष्मण वि. महाराष्ट्र राज्य (२००२) मध्ये शुद्धीबाबत डॉक्टरचा दाखला अनिवार्य नसल्याचे घटनापीठाने स्पष्ट केले. जबाब देणारी व्यक्ती वाचल्यास हा अपवाद लागू होत नाही. तिला न्यायालयात साक्ष द्यावी लागते.