डिझेलची गाळणी

1927 साली जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या बॉश कंपनीने डिझेल इंजिनासाठी इंधन फवारणीचे पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले, आणि ट्रकला चोख गाळणी लागू लागली. पंपातला दट्ट्या नळीत इतका घट्ट बसतो की मधली फट मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढीच. पिंपातल्या डिझेलमधला कचरा तिथे चालणार कसा?

आपल्याकडे 1954 साली जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक निघू लागले. जुन्या पद्धतीच्या कित्येक गाड्यांवर गाळणीच्या दोन वाट्या शेजारीशेजारी दिसत: पहिलीत फेल्ट, दुसरीत घड्यांचा कागद. हे फेल्ट-कागद बदलणे क्लीनरचे, जागेवरच उरकायचे काम. मुरलेला गडी आधी खाली कापलेला पत्र्याचा डबा धरी, वाटीतले डिझेल त्यात सोडी, मगच ती उतरवी. नवे रबरी वायसर बसवले की हातपंप मारायचा. ढिल्या केलेल्या स्क्रूतून बुडबुडे थांबून सलग धार आली, म्हणजे ‘एअर निघाली’. पुसायच्या बोळ्याचे सूत आत राहिले तर मेहनत पाण्यात!

नव्या कॉमन रेल इंजिनांत दाब हजार बारच्याही वर जातो. तिथे इंजिन चालू असताना जोड सैल करणे जिवावर बेतू शकते. पुस्तिका वाचूनच पाना हातात घ्यावा.