टेप गेली, की हेड?
शिरूर-दौंडकडच्या लग्नांचा इतिहास लिहायचा तर कपाटातल्या मिनी-डीव्ही कॅसेट बघाव्या लागतात, आणि त्यासाठी जुना कॅमेराच चालू हवा. सोनीचा पीडी-१७० घ्या, २००३ सालचा. चित्रात चौकोन उठले की लोक म्हणतात, टेप गेली. थांबा! आधी हेड बघा. डीव्हीत ड्रम मिनिटाला ९००० फेरे घेतो. टेपवरचा ट्रॅक १० मायक्रॉनचा, डीव्हीकॅममध्ये १५. मांडवातली धूळ तेवढ्याला पुरते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेला मऊ चामड्याचा तुकडा ड्रमला टेकवून स्थिर धरायचा, ड्रम हाताने हळू फिरवायचा. वर-खाली घासलं तर हेड तुटतं (कापसाची काडी तर नकोच). तरीही चौकोन राहिले, तर कॅसेट दुसऱ्या कॅमेऱ्यात लावून बघायची. फेकायचं बोलणं त्यानंतर.