सरकी घरातून कधी गेली?

"बीटी आलं आणि शेतकऱ्याचं घरचं बियाणं गेलं" असं आपण म्हणतो. पण वऱ्हाडात ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली, तीही जिनिंगमध्ये.

आधी कापसातली सरकी हातचरकीवर गावातच निघायची. त्यातली टपोरी सरकी पुढच्या पेरणीला ठेवायची. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडे आलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला, मँचेस्टरच्या नजरा इकडे वळल्या. मग रेल्वे, आणि वाफेवरच्या जिनिंग फॅक्टऱ्या. आता कापूस सरकीसकट बंडीत बसून अमरावती-अकोल्याला. तिथे दहा गावांचा माल एकाच ढिगात! कोणती सरकी कोणाची, काय कळणार? बरीचशी गेली तेलाला, उरली ती ढेप होऊन ढोरांपुढे.

पुढचं झटपट सांगतो. १९७० मध्ये सुरतचा एच-४ हा संकरित वाण आला, २००२ मध्ये बीटी, तोही बहुतेक संकरितच. गंमत बघा, २००१ च्या कायद्याने घरचं बी राखायचा हक्क दिला. पण संकरित झाडाची सरकी पेरली तर पुढचं पीक एकसारखं निघत नाही.

देशी सरळ वाणाचं तसं नाही, उदाहरणार्थ अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा एकेए-७. परसात चार झाडं लावून बघा. जवळ दुसरा देशी वाण नको, मधमाश्या पराग मिसळतात. निरोगी झाडाची पूर्ण फुटलेली बोंडं वेचा, सरकी हातानेच सोडवा, वाळवा, डब्यात ठेवा. आणि डब्यावर वाणाचं नाव लिहा, राजेहो!