ट्रंबो, डॉल्टन

(९ डिसेंबर १९०५–१० सप्टेंबर १९७६). अमेरिकन पटकथाकार व कादंबरीकार. शासकीय चौकशीत उत्तरे देण्याचे नाकारून कारावास पतकरणाऱ्या ‘हॉलिवुड टेन’ या दहा चित्रपटव्यावसायिकांपैकी एक. जन्म कोलोरॅडो राज्यातील माँट्रोझ येथे. वडिलांच्या मृत्यूनंतर कुटुंबाचा भार अंगावर पडल्याने लॉस अँजेल्समधील एका बेकरीत त्याने सु. आठ वर्षे रात्रपाळी केली. लेखन दिवसा चाले. त्याची पहिली कादंबरी ‘इक्लिप्स’ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या महायुद्धात हातपाय आणि चेहरा गमावलेल्या सैनिकाचे मनोगत मांडणाऱ्या ‘जॉनी गॉट हिज गन’ (१९३९) या कादंबरीने त्याची कीर्ती झाली. ‘किटी फॉइल’ (१९४०) व ‘थर्टी सेकंड्स ओव्हर टोकिओ’ (१९४४) या चित्रपटांनंतर हॉलिवुडमधील सर्वाधिक मोबदला घेणाऱ्या पटकथाकारांत त्याची गणना होऊ लागली.

१९४३ मध्ये तो साम्यवादी पक्षाचा सभासद झाला. सोव्हिएट संघ त्या वेळी अमेरिकेचे मित्रराष्ट्र होते. चारच वर्षांत परिस्थिती पालटली. ऑक्टोबर १९४७ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या समितीने त्याला वॉशिंग्टनला बोलावले. पटकथाकारांच्या संघाचा आणि साम्यवादी पक्षाचा तो सभासद आहे काय, हे समितीला हवे होते. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा पाचव्या घटनादुरुस्तीतील हक्क सांगितला असता, तर त्याची बहुधा शिक्षेतून सुटका झाली असती. पण त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी आधार घेतला तो मतस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीचा. नागरिकाचे राजकीय मत विचारण्याचा अधिकारच शासनाला नाही, अशी ही भूमिका होती. तत्त्व म्हणून ती निःसंशय श्रेष्ठ. मात्र तिचे यश सर्वोच्च न्यायालयावर अवलंबून होते. १९४९ च्या उन्हाळ्यात मर्फी व रटलेज हे दोन उदारमतवादी न्यायमूर्ती निधन पावले आणि एप्रिल १९५० मध्ये न्यायालयाने अपील ऐकण्यासच नकार दिला. संसदेच्या अवमानाबद्दल ट्रंबोने केंटकीतील ॲशलंडच्या तुरुंगात सु. दहा महिने काढले. समितीचा अध्यक्ष जे. पार्नेल टॉमस हाही पुढे पगारपत्रकातील लबाडीबद्दल तुरुंगात गेला, हा दैवाचा विलक्षण न्याय म्हणावा लागेल.

खरी शिक्षा तुरुंगाबाहेर होती. नोव्हेंबर १९४७ मध्येच चित्रपटनिर्मात्यांनी न्यूयॉर्क येथे जमून या दहा जणांना काम न देण्याचे जाहीर केले होते. ही काळी यादी कायद्याने लादलेली नव्हती; शासनाच्या रोषाला भिऊन धंद्याने ती स्वतःहून अंगीकारली होती. त्यामुळे तिच्याविरुद्ध दाद कोठे मागावी, हाच प्रश्न होता. ट्रंबोने तिला लेखणीने उत्तर दिले. काही काळ मेक्सिकोत आणि नंतर कॅलिफोर्नियात राहून तो टोपणनावांनी किंवा मित्रांच्या नावांवर, पूर्वीच्या तुलनेने क्षुल्लक मोबदल्यात पटकथा लिहीत राहिला. ‘रोमन हॉलिडे’ (१९५३) या चित्रपटाच्या कथेचे ऑस्कर पारितोषिक इयन मॅक्लेलन हंटर या मित्राच्या नावे गेले. ‘द ब्रेव्ह वन’ (१९५६) च्या कथेस १९५७ मध्ये तेच पारितोषिक मिळाले, तेव्हा ‘रॉबर्ट रिच’ हा लेखक ते घ्यायला आलाच नाही. त्या नावामागे ट्रंबो होता. या रहस्याचा त्याने चातुर्याने उपयोग केला. कोणतीही गाजलेली पटकथा आपली असू शकेल, असा संशय तो वृत्तपत्रांतून जागता ठेवी. अशा रीतीने यादी हास्यास्पद ठरत गेली. चौकशीत असहकार करणाऱ्यांना पारितोषिक नाकारणारा नियम अकादमीने जानेवारी १९५९ मध्ये रद्द केला. १९६० मध्ये ‘स्पार्टाकस’ व ‘एक्सोडस’ या चित्रपटांवर त्याचे नाव उघडपणे झळकले. याचे श्रेय कर्क डग्लस व ऑटो प्रेमिंजर या दोघांच्याही नावे सांगितले जाते. परंतु तोवर बहिष्कार आतून पोखरला गेला होता, आणि त्यात ट्रंबोच्या श्रमाचा वाटा मोठा होता.

त्याची राजकीय वाटचाल मात्र सर्वस्वी सुसंगत नव्हती. १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएट संघावर आक्रमण केल्यावर आपल्या युद्धविरोधी कादंबरीचे पुनर्मुद्रण युद्धसमाप्तीपर्यंत लांबलेले त्याला इष्ट वाटले. तिच्या प्रती मागणाऱ्या नाझीधार्जिण्यांची पत्रे त्याने गुप्तचर खात्याच्या अधिकाऱ्यांना दाखविली. त्या अधिकाऱ्यांना रस आपल्यातच अधिक आहे, हे त्याला नंतर उमगले. १९७० मध्ये पटकथाकार संघाचा लॉरेल पुरस्कार स्वीकारताना, त्या काळात नायक वा खलनायक शोधणे व्यर्थ असून सारे बळीच होते, असे तो म्हणाला. साक्ष देऊन सहकाऱ्यांची नावे सांगणारेही यात आले. त्याच्याबरोबर शिक्षा भोगलेल्या ॲल्बर्ट मॉल्ट्झला हे मुळीच मान्य झाले नाही.

‘जॉनी गॉट हिज गन’वरील चित्रपट ट्रंबोने १९७१ मध्ये स्वतः दिग्दर्शित केला, त्यास कॅन महोत्सवात परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. ‘द ब्रेव्ह वन’चे ऑस्कर १९७५ मध्ये त्याच्या हाती आले. त्याचे निधन लॉस अँजेल्स येथे झाले. ‘रोमन हॉलिडे’चे ऑस्कर मरणोत्तर १९९३ मध्ये देण्यात आले आणि त्या चित्रपटाच्या पटकथेवर त्याचे नाव २०११ मध्ये संघाने पुन्हा नोंदविले.