चौकोनी भोकाची गोष्ट

मंडळी, गोल भोक कुणीही पाडतं. ड्रिल मशीन घ्या, बिट लावा, बटण दाबा, संपलं. पण लाकडात चौकोनी भोक पाडून दाखवा! फिरणारी वस्तू गोलच कापणार. (रूलोच्या त्रिकोणाची आठवण करून देणाऱ्यांनी हात खाली करावेत, त्यालाही कोपरे पूर्ण टोकदार येत नाहीत.) आणि सुतारकामाचा निम्मा संसार तर या चौकोनी भोकावरच उभा आहे. एका लाकडाच्या टोकाला कुसू काढायचं, दुसऱ्यात त्याच मापाचं भोक पाडायचं, एकात एक ठोकून बसवायचं आणि आरपार खुंटी मारायची. खिळा नको की स्क्रू नको.

दोन वर्षांपूर्वी रोह्याचं मामाचं घर उतरवलं. "पाडलं" नाही, "उतरवलं"च म्हणतात, कारण खुंट्या काढल्या की खांब-तुळया सुट्या होतात. त्यातलं बरंचसं सागवान टेम्पोत घालून पेणला आमच्या घरी आणलं. (पेण म्हटलं की लोकांना फक्त गणपती आठवतात. आमच्या मागच्या पडवीत माझं वीकेंडचं वर्कशॉप आहे, हे अजून प्रसिद्ध व्हायचंय.) खांबाच्या एका भोकात टॉर्च मारून बघितलं, तर तळाशी अर्धगोल खुणा! म्हणजे आधी गिरमिटानं शेजारी शेजारी गोल भोकं पाडली आणि मग पटाशीनं भिंती सरळ केल्या. रोह्याच्या सुतारकाकांना विचारलं तर म्हणाले, "मग काय एकदम चौकोनी पाडणार? आधी पोट काढायचं, मग कोपरे."

तर हा झाला आल्गोरिदम. आता गंमत बघा, पुढच्या दोनशे वर्षांत हार्डवेअर बदललं, आल्गोरिदम तोच राहिला.

नेपोलियनशी लढणाऱ्या ब्रिटिश नौदलाला दरवर्षी लाखभर कप्प्या लागायच्या. शिडाच्या एका मोठ्या युद्धनौकेवरच हजाराच्या आसपास. कप्पीचं चाक ज्या खाचेत फिरतं, ती खाच म्हणजे एल्मच्या लाकडातलं आरपार लांबट भोक, आणि ते हातानं कोरायला कसबी माणूस लागायचा. मार्क ब्रुनेल नावाचा, क्रांतीनंतर फ्रान्समधून पळालेला एक इंजिनिअर १७९९ साली इंग्लंडमध्ये आला. कप्प्या करणाऱ्या यंत्रांचं पेटंट त्यानं १८०१ साली घेतलं. सॅम्युअल बेंथम हा नौदलाचा बडा अधिकारी, त्याला स्वतःलाच लाकूडकामाच्या यंत्रांचं वेड. त्यानं ही कल्पना उचलून धरली. यंत्रं घडवली हेन्री मॉडस्लेनं. पोर्ट्समथच्या गोदीत वाफेच्या इंजिनावर चालणारी ४५ यंत्रं बसली.

त्यातलं भोकं पाडणारं यंत्र मला सगळ्यात आवडतं. आधी दुसऱ्या यंत्रावर एक गोल भोक पाडून घ्यायचं (पोट काढणं!). मग या यंत्रात पटाशी फक्त वर-खाली, वर-खाली. लाकूड एका सरकत्या गाड्यावर घट्ट धरलेलं, आणि दर ठोक्यामागे स्क्रूनं तो गाडा आपोआप किंचित पुढे. माणसानं लाकूड लावायचं आणि काढायचं, बस्स. १८०८ साली तिथून १ लाख ३० हजार कप्प्या बाहेर पडल्या. ११० कसबी कारागिरांचं काम १० बिनकसबी माणसं करू लागली. ब्रुनेलला मोबदला मिळाला एका वर्षाच्या बचतीइतका, सुमारे १७ हजार पौंड. उरलेल्या शंभर जणांचं काय झालं, यावर इंजिनिअरिंगच्या इतिहासाची पुस्तकं फारशी थांबत नाहीत. आमच्या क्षेत्रात सध्या जे वारे वाहतायत ते बघता मला मात्र हे वाक्य दोनदा वाचावंसं वाटलं.

याच काळात आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी ब्रिटिशांसाठी सागवानी जहाजं बांधत होती, आणि ती मात्र सुतारांच्या हातांनी. जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली १८१७ साली पाण्यात उतरलेली "त्रिंकोमाली" १८१९ साली पोहोचली ती थेट पोर्ट्समथलाच, त्या कप्प्यांच्या कारखान्याच्या दारात. मलबारच्या सागाची ही नौका आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभी आहे, तरंगत्या अवस्थेत. सागवानाबद्दल अजून काय सांगायचं?

असो. १८७० च्या दशकात अमेरिकेत ग्रीनली बंधूंनी पुढचं पाऊल टाकलं: पोकळ चौकोनी पटाशी आणि तिच्या पोटात फिरणारं बिट. बिट पोट काढतं, पटाशी त्याच दाबात कोपरे. दोन पायऱ्या एका झटक्यात. आज टेबलावर ठेवायची जी छोटी यंत्रं मिळतात, ती याचीच नातवंडं.

माझ्याकडचंही त्यातलंच, सेकंडहँड, अर्ध्या हॉर्सपॉवरचं. मऊ पाइनवर ते छान चालतं. पण मामाच्या घरचं सागवान म्हणजे वेगळं प्रकरण. त्यात सिलिका असते, धार पटकन जाते. पटाशी आत रुतली की वर उचलताना लाकडासकट वर येते, कारण लाकूड दाबून धरणारी काटेरी पट्टी अगदीच लेचीपेची. म्हणून पहिला बदल तो: पट्टी काढून लोखंडी अँगलचे दोन तुकडे बोल्टनं बसवले. दुसरा, हँडलवर जीआय पाइपचा तुकडा चढवून ते लांब केलं. तिसरा बदल फुकटचा: बिटाचं टोक पटाशीच्या खाली मिलिमीटर-दीड मिलिमीटर ठेवायचं, नाहीतर घासून दोन्ही निळी पडतात.

खरी कटकट होती लाकूड हातानं सरकवण्याची. ते जरा तिरकं गेलं की भिंतीला करवतीचे दात पडतात. मग प्लायवुडचा एक सरकता पाट केला आणि त्याखाली एम-१२ चा आटे पाडलेला रॉड बसवला. एका फेऱ्याला पाट पावणेदोन मिलिमीटर सरकतो. माझी पटाशी १२ मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ चार सूत. पहिलं भोक पाडायचं, १२ फेरे द्यायचे (२१ मिलिमीटर), दुसरं पाडायचं, परत १२ फेरे, तिसरं. मध्ये ९ मिलिमीटरचे दोन पडदे राहतात. मग सहा फेऱ्यांच्या जागेवर येऊन ते पडदे कापायचे. पटाशीला दोन्ही बाजूंनी सारखं लाकूड मिळतं, त्यामुळे ती एका बाजूला पळत नाही. ५४ मिलिमीटरचं भोक तयार.

पाट बसवून झाल्यावर लक्षात आलं की सरकता गाडा, घट्ट धरलेलं लाकूड, पुढे नेणारा स्क्रू, हे सगळं ब्रुनेलचंच. त्याचा गाडा आपोआप सरकायचा, माझा मी फिरवतो, एवढाच फरक.

सुतारकाका गणपतीच्या आधी दिवा-रोहा गाडीनं येऊन यंत्र बघून गेले. त्यांचा मुलगा धाटावच्या एमआयडीसीत आहे, पटाशी धरत नाही. काकांनी यंत्राकडे फारसं बघितलंच नाही. करंगळी भोकात घालून चारी भिंतींवरून फिरवली, गुण्या लावला, म्हणाले, "सरळ आहे. पण कुसू जरा जाड ठेव, पावसाळ्यात फुगलेलं लाकूड आहे, मे महिन्यात ढिलं होईल." मग माझीच पटाशी मागितली, अंगठ्यावर धार बघितली आणि दगड कुठे आहे ते विचारलं.

खिडकीच्या झडपा आठ करायच्या आहेत. तीन झाल्या.