तीन नंबरचा पिस्टन

पहाटे ५.३०, पुणे. स्फोटाला तीन तास बावीस मिनिटं.

गाडी जुनी होंडा सिटी, दीड लिटरची व्हीटेक. कंपनीने दिलेली ताकद १०६ अश्वशक्ती. त्यावर आम्ही टर्बो चढवला होता आणि इंजिन मात्र खोललं नव्हतं. पिस्टन, रिंगा, कनेक्टिंग रॉड, क्रँक सगळं कंपनीचंच. खोलायचं म्हणजे खर्च दुप्पट, आणि खिशात होते ते पैसे टर्बोतच संपले होते. मिस्त्री म्हणाले होते, "सात पौंडांपर्यंत काही होत नाही. मात्र पेट्रोल भारीतलंच घालायचं." पहिलं वाक्य आम्ही पाठ केलं.

सात पौंड ऐकायला किरकोळ वाटतात. पण बाहेरच्या हवेचा दाबच जेमतेम १४ पौंड. म्हणजे सिलिंडरमध्ये दीडपट हवा, तिच्या मापाने दीडपट पेट्रोल, आणि त्यातून निघणारी उष्णता त्याच जुन्या पिस्टनच्या टाळूवर.

(परवानगी? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असले बदल चालवून घेत नाही. तेव्हा आम्ही ते वाचलं नव्हतं, असं म्हणणं सोयीचं आहे.)

६.१५, तळेगाव.

जुन्या हायवेवर सोमाटणे फाट्यानंतर रस्ता मोकळा मिळाला. बूस्टचा काटा सातवर आणि पाठ सीटला. या तासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, सुख होतं.

६.५५, कामशेत. उरले जवळपास दोन तास.

चहाला थांबलो. मित्राने बॉनेट उघडलं. डिपस्टिकच्या तोंडाशी तेलाचे बारीक शिंतोडे होते. रिंगांच्या फटीतून जळालेला वायू खाली चेंबरमध्ये उतरत होता आणि तेलाला वर ढकलत होता. "टर्बोची गाडी आहे, एवढं असतंच," मी म्हणालो. फडक्याने पुसून टाकलं, म्हणजे पुरावाही गेला.

७.४०, लोणावळा.

इथे गप्पा रंगल्या त्या अमेरिकन मसल कारच्या. मस्टँगचा ५ लिटरचा व्ही-८ भारतात २०१६ मध्ये आला. त्याचं कॉम्प्रेशन ११ ला १, पिस्टन ओतीव. तरी तिकडे लोक त्यावर सुपरचार्जर बसवतात आणि आतल्या भागांना हात न लावता वर्षानुवर्षं पळवतात. मित्राचा युक्तिवाद हाच: त्यांचं चालतं, मग आपलं का नाही?

त्याला मी तेव्हाच १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरची गोष्ट सांगायला हवी होती. साडेतीन लिटरचा व्ही-८, कॉम्प्रेशन सव्वादहा, वर टर्बो, आणि तोही कारखान्यातूनच. मिश्रण वेळेआधी पेटू नये म्हणून कंपनीने डिस्टिल्ड पाणी आणि मिथेनॉलची वेगळी टाकी दिली होती. मालक ती भरायला विसरत. मालक विसरणार हे कंपनीला ठाऊक होतं, म्हणून टाकी रिकामी झाली की बूस्ट आवरणारी झडपही बसवली होती. आमच्या गाडीत मालक होता, झडप नव्हती.

८.१०, खोपोली. उरली बेचाळीस मिनिटं.

घाट उतरून वडापाव खाल्ला. काटा पाव टाकीच्या खाली. पंपावर साधं ९१ ऑक्टेनच मिळत होतं. "परत जायचंय फक्त," असं म्हणून टाकी फुल केली.

१९१५ पासून इथे टाटांचं वीजघर आहे. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी पाइपांतून डोंगर उतरून खाली येतं. दाब खाली वाढत जातो, म्हणून अशा पाइपांचा पत्राही खालच्या टोकाला जाड ठेवतात. मी ते पाइप बघत वडापाव खात होतो.

८.३५, घाटाचा पायथा.

खंडाळ्यापर्यंत साधारण पाचशे मीटरची चढण. पुढे टेम्पो, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, पाय दाबलेला. सपाटीवर बूस्ट दहा सेकंद लागतो आणि सुटतो. घाटात तो सुटतच नाही. वर वेग असा की इंटरकूलरला वाराच मिळत नव्हता. आत जाणारी हवा तापत चालली होती आणि ठिणगीचं टायमिंग मात्र भारी पेट्रोलच्या हिशेबाने लावलेलं.

८.४४.

डब्यात फुटाणे हलवल्यासारखा आवाज. एसी चालू, गाणी चालू, काचा वर. ४००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला तेहतीस वेळा मिश्रण पेटतं. त्यातलं काही आता ज्योत पोचायच्या आधी आपोआप भडकत होतं, आणि तो फटका हातोडीसारखा पिस्टनच्या कडेवर बसत होता. असे फटके आठ मिनिटं बसले. मित्र म्हणाला, "सायलेन्सरचा पत्रा हलतोय वाटतं."

८.५२.

एकच 'टक्'. मग आरशात निळा धूर, बूस्ट शून्य, इंजिन तीन पायांवर. शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी कडेला घेतली. ज्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली असं सांगतात, त्याचं हे देऊळ. जाणारे-येणारे गाडीतून नाणं टाकतात. आम्ही दोनदा गेलो होतो, टाकलं नव्हतं.

चार दिवसांनी इंजिन उघडलं. आम्हाला धाकधूक होती ती रॉडची. चारही सरळ निघाले. क्रँक ठणठणीत, बेअरिंगांवर ओरखडा नाही. दीडपट ताकद त्यांनी मुकाट सोसली होती. फक्त तीन नंबरच्या पिस्टनची दोन रिंगांमधली कड बोटभर तुटून आली होती. ओतीव ॲल्युमिनियम वाकत नाही, बिस्किटासारखं तुटतं. वरच्या रिंगेची टोकं एकमेकांवर घासून चकाकत होती: कंपनीने ठेवलेली फट साध्या इंजिनाच्या उष्णतेपुरती, ती भरून गेली होती.

मित्र लगेच फोर्ज्ड पिस्टनचे भाव विचारू लागला, आणि मग दहा पौंड चालेल का तेही.

मिस्त्री तो तुकडा बोटांत फिरवत होते. बूस्टबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

"घाट चढायच्या आधी पेट्रोल कुठलं भरलंत?"